खुर्ची थोडी डावीकडे

भौतिकशास्त्र येणाऱ्या माणसाला गणपतीचे दिवस जड जात नाहीत, असा प्रस्तुत लेखकाचा दावा आहे. मुर्धे या खाडीकाठच्या गावातल्या त्याच्या गल्लीच्या दोन टोकांना एकाच तारेवरचे दोन भोंगे समोरासमोर लागले, तेव्हा शेजाऱ्यांनी कानात कापूस घातला आणि लेखकाने मोजपट्टी काढली. दोन लाटा भेटल्या की शिखरावर शिखर येतं तिथे त्या दुणावतात, शिखरापाशी दरी येते तिथे एकमेकींना गिळतात. ८५ हर्ट्झचा घुमारा हवेत सुमारे ४ मीटर लांबीचा. म्हणजे समोरासमोरच्या भोंग्यांमध्ये कल्लोळाच्या जागेपासून शांततेची जागा फक्त १ मीटरवर! ती घरातच कुठेतरी असणार, म्हणून तो खुर्ची उचलून खोलीभर हिंडू लागला.

“पाहुणे आलेत, बसू दे त्यांना,” असं घरातून सांगण्यात आलं. संशोधनाला विरोध गॅलिलिओलाही झाला होता.

हा आत्मविश्वास त्याला खाडीने दिला होता. भरती हीसुद्धा लाटांचीच बेरीज. चंद्राची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, सूर्याची बरोबर १२ तासांनी. सूर्याची उंचीने चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दोघींचं जुळतं, ते उधाण. मग चंद्राची दर खेपेला २५ मिनिटं मागे पडते आणि आठवड्याभरात दोघी उलट्या पडतात, तो भांग. पावणेपंधरा दिवसांनी पुन्हा मेतकूट. उघाडी, म्हणजे बांधातलं दार, उघडून मिठागरात पाणी घ्यायचं ते उधाणाला, हे इथल्या आगऱ्यांना कोणी फळ्यावर शिकवलं नाही.

आणि इथे लेखकाला आवरणं कठीण जातं. त्याच्या घरी ‘टोंकिन’ म्हटलं की माणसं ताटावरून उठतात. टोंकिन म्हणजे आजच्या व्हिएतनामचा उत्तर भाग. तिथल्या एका बंदरात दिवसातून एकदाच भरती येते आणि महिन्यातले काही दिवस पाणी जवळजवळ हलतच नाही, असं एका इंग्रज दर्यावर्द्याने कळवलं होतं. न्यूटनने १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त त्याचं उत्तर दिलं: भरती दोन वाटांनी येते, एक सहा तास उशिरा, एकीची भरती दुसरीच्या ओहोटीवर पडते. समुद्राच्या खोलीचा आणि किनाऱ्याच्या आकाराचा हिशेब पुढच्यांनी केला, पण दोन लाटा एकमेकींना पुसू शकतात हे त्याने पाहिलं. मात्र प्रकाशाच्या लाटा काही त्याला पटल्या नाहीत. प्रकाशाच्याही लाटा एकमेकींना पुसतात हे दाखवण्याचं काम शंभराहून अधिक वर्षांनी टॉमस यंगने केलं. पुढे विल्यम थॉमसनने भरत्यांची बेरीज करणारं यंत्रच बांधलं: कप्प्यांची रांग, प्रत्येक कप्पी आपापल्या लाटेच्या चालीने वरखाली, आणि सगळ्यांवरून एकच दोरी. १८७९मध्ये भारतातल्या बंदरांसाठी असंच यंत्र लंडनमध्ये तयार झालं. मुंबईची भरती लंडनमध्ये दोरीने निघत होती!

हे सगळं शेजारच्या आजींना ऐकवल्यावर त्या म्हणाल्या, “आज पंचमी हाय. पावणेचारला पानी भरंल.” तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. कप्प्या नाहीत, लंडन नाही. लेखकाने विषय बदलला.

तर खुर्ची. शांत जागा अखेर सापडली, खिडकीच्या किंचित डावीकडे. तिथे ढोल विरघळायचा. गायक मात्र विरघळेना, कारण वरच्या पट्टीतल्या लाटा आखूड; डोकं इंचभर हललं की हिशेब मोडतो. त्यात पलीकडच्या मंडळाने दुसरंच गाणं लावलं. वेगळ्या गाण्यांच्या लाटा एकमेकींना नेमाने खोडत नाहीत. बरोबरीच्या दोन गोंगाटांची बेरीज सरासरीत ३ डेसिबल जास्त, बस्स. गावातल्या मंडळांनी निदान भौतिकशास्त्रासाठी तरी एकी करायला हवी होती.

पण खरी अडचण निराळीच. लाटा एका जागी पुसल्या म्हणून त्यांची ऊर्जा कुठे जात नाही. ती दुसरीकडे साचते. लेखकाच्या खुर्चीतली शांतता कोणाच्या तरी अंगावर पडणारच. मोजपट्टी धरून तो साचलेला ढोल शोधत गेला, तर तो आईच्या खाटेवर. ब्याऐंशी वर्षांची आई, आणि त्याने निवांतपणे पेपर वाचायचा! त्या संध्याकाळी विनोद सुचेना. त्याने खुर्ची काढली आणि खाट तिथे सरकवली.

दुसऱ्या दिवशी आई रुसलेली. म्हातारपणी कान जातात ते आधी वरच्या सुरांचे. गायक तिला कधीचाच ऐकू येत नव्हता. ढोल तेवढा येत होता, त्यावर ती आरती धरायची. “काल आरती झालीच नाही का रे?” तिने विचारलं.

खाट परत जागेवर गेली. आई आता कल्लोळात बसून टाळ्या वाजवते, तालात. मोकळी झालेली शांत जागा लेखकाच्या मनात अजून आहे, पण तिथे पाहुण्यांच्या चपला असतात.