ससा, कासव आणि मागचा शॉक

उद्यान एक्सप्रेसमधून बंगळूरला उतरलेल्या मराठी माणसाचा कार्यक्रम ठरलेला असतो. लालबाग बघायची, हवा पुण्यात पूर्वी होती तशी आहे असं मत द्यायचं आणि 1638 नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, ही बातमी रिक्षावाल्याच्या कानावर घालायची. रिक्षावाला मीटरपेक्षा जास्त पैसे मागून तिची पोच देतो. माझा हा कार्यक्रम भाच्याने पहिल्याच सकाळी मोडला.

"मामा, रविवारी तुरहळ्ळीच्या जंगलात जाऊ. तू माझी जुनी माउंटन बाइक घे. फक्त मागचं सस्पेन्शन तुझ्यापुरतं सेट करावं लागेल."

आमच्या वेळच्या सायकलींना सस्पेन्शन नव्हतं असं नाही. ते सीटखाली असे, दोन स्प्रिंगांचं. ट्यूनिंग म्हणजे त्यांची कुरकुर थांबेपर्यंत तेलाचे थेंब सोडायचे. भाच्याच्या सायकलीला मात्र नळ्यांच्या मधोमध एक काळं, चकचकीत नळकांडं होतं. आत स्प्रिंगऐवजी कोंडलेली हवा, धक्का जिरवायला तेल, बाहेर एक निळा खटका आणि एक लाल फिरकी. मोटोक्रॉसच्या जगातून आलेल्या पॉल टर्नरने 1989 साली अमेरिकेत रॉकशॉक्स ही कंपनी काढली आणि सायकलीच्या पुढच्या चाकाला शॉक बसवला. माणसं तेवढ्यावर थांबली असती तर माझा रविवार वाचला असता.

"वजन किती?" भाच्याने विचारलं.

मी एक सुसंस्कृत आकडा सांगितला. ऐंशी. त्याने माझ्याकडे न बघताच त्यात सहा मिळवले. मग हेल्मेट, बूट आणि पाठीवरचं दोन लिटर पाणी यांचे चार धरले, बेरजेला 2.2 ने गुणलं आणि जाहीर केलं, "198 पौंड. म्हणून सुरुवातीला 198 पीएसआय." वजन जितके पौंड तितका दाब, हा काही कंपन्यांनीच सांगितलेला ढोबळ हिशोब आहे. मोटारीच्या टायरात बत्तीसच्या आसपास हवा असते, मालट्रकच्या टायरात शंभर-सव्वाशे. मी ज्याच्यावर बसणार होतो त्यात त्याहून कितीतरी जास्त. आणि ही हवा पेट्रोल पंपावर भरून मिळत नाही. शॉकच्या आतली जागा इतकी लहान की दोन फुंकरांचा फरकसुद्धा जाणवतो, म्हणून 300 पीएसआयपर्यंत काटा असलेला हातात मावणारा वेगळा पंप लागतो.

कार्यशाळा भरली सोसायटीच्या पार्किंगमध्ये. वॉचमन निघाला चिकोडीचा, त्यामुळे समालोचन मराठीतून मिळालं.

"पंक्चर काय हो, काका?"

"नाही, सॅग बघतोय."

सॅग म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक किती दबतो ते. शॉकच्या दांड्यावर रबराची बारीक रिंग असते. ती सीलपर्यंत वर सरकवायची, सगळ्या सामानासकट सीटवर बसायचं, खांबाला एक हात टेकायचा, उड्या मारायच्या नाहीत आणि तितक्याच हळुवारपणे उतरायचं. माणूस किती भारी ते रिंग सांगते, आणि तिला भीड नसते. हा शॉक एकूण 50 मिलिमीटर दबणारा. जंगलवाटेसाठी त्यातले पंचवीस ते तीस टक्के, म्हणजे साडेबारा ते 15 मिलिमीटर बसतानाच खर्च व्हावेत, अशी अपेक्षा. माझ्या खाली 19 गेले.

"मामा, ते सहा कमीच धरले होते," भाचा म्हणाला.

मग पुन्हा पंप, आणि मध्येमध्ये थांबून शॉक हळूहळू दाबणं. आत हवेच्या दोन खोल्या असतात. मोठी माणसाला वर उचलते, धाकटी उलट दिशेने रेटते म्हणून सुरुवातीचा दाब मऊ लागतो. मोठीतली हवा धाकटीत जायला शॉक दाबावा लागतो. त्याने मोठीतला दाब उतरतो, की पुन्हा पंप. वॉचमनला हे पटलं नाही. भरलेली हवा परत दाबायची कशाला, हा त्याचा प्रश्न. पंप काढताना फुस्स झालं तेव्हा तर त्याला आनंदच झाला, "गेली की सगळी!" ती हवा पंपाच्या नळीतली असते, शॉकमधली नव्हे. पण खात्रीसाठी पंप परत लावला की नळी शॉकमधूनच भरते आणि काटा आधीपेक्षा कमी दाखवतो. शंकेखोर माणूस या चक्रातून संध्याकाळपर्यंत सुटत नाही.

राहिली लाल फिरकी, म्हणजे रिबाउंड. दबलेला शॉक किती वेगाने परत वर यावा, ते ही ठरवते. तिच्या एका अंगाला सशाचं चित्र, दुसऱ्याला कासवाचं. अमेरिकन इंजिनिअरही शेवटी आपल्या बालवाडीत येऊन बसले, याचं मला समाधान वाटलं. ससा फार केला तर खड्ड्यानंतर सीट माणसाला वर भिरकावते. कासव फार केलं तर लागोपाठच्या दणक्यांत शॉक वर यायलाच विसरतो आणि प्रत्येक दणक्याला आणखी खाली बसत जातो.

याची घरगुती परीक्षा सोपी आहे, असं सगळे सांगतात. सीटवर बसूनच फूटपाथवरून खाली उतरायचं. मागची बाजू दबावी, एकदाच किंचित वर यावी आणि थांबावी. सांगणाऱ्यांच्या गावात फूटपाथ एकसारख्या उंचीचे असणार. आम्हाला भेटलेला पहिला फूटपाथ ट्रान्सफॉर्मरने संपवला होता. दुसऱ्यावर शहाळेवाला होता. "स्वल्प अडजस्ट माडि", म्हणजे जरा जमवून घ्या, असं भाच्याने त्याला म्हटल्यावर त्याने तेच वाक्य आम्हाला परत केलं. तिसरा एका टोकाला घोट्याएवढा, दुसऱ्या टोकाला गुडघ्याएवढा होता. शेवटी स्पीडब्रेकरच्या ओळीने लावलेल्या पट्ट्यांवर परीक्षा झाली. कासवाकडून सशाकडे दोन टकटक, आणि पाठीने कुरकुर सोडली.

रविवारी पहाटे कनकपुरा रस्त्याने निघालो. डांबरावर निळा खटका बंद ठेवायचा, म्हणजे पॅडल मारताना सायकल डोलत नाही. जंगलाच्या तोंडाशी भाचा ओरडला, "मामा, खटका उघड!" पुढे तांबडी माती, घाणेरीची झुडपं आणि मधूनच उघडा पडलेला खडक. लालबागेतला याच जातकुळीचा खडक सुमारे 300 कोटी वर्षांचा मानतात. तो काही माझ्यासाठी अडजस्ट होणार नव्हता. पहिल्या पायरीवरून उतरलो, मागची बाजू दबली, वर आली, थांबली. दुसरीवरही तेच. मुळं आली, चर आले, सुटे दगड आले आणि गेले. काहीही झालं नाही. मी पडलो नाही, हाड मोडलं नाही, झुडपातून मला कोणी बाहेर ओढलं नाही. सायकलीच्या दृष्टीने याहून मोठी शाबासकी नाही, पण प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने अशा शॉकपासून लांब राहावं.

बाहेर आल्यावर रिंग पाहिली. जंगलाने 50 पैकी 36 मिलिमीटर घेतले होते. उरलेले परतीच्या वाटेवर, झाडाच्या सावलीत दबा धरून बसलेल्या, रंग न दिलेल्या एका स्पीडब्रेकरने एकदम घेतले. रिंग शेवटच्या टोकाला जाऊन टेकली. भाच्याने आनंदाने निदान केलं, की हवेच्या खोलीत प्लास्टिकचा एक स्पेसर टाकावा लागेल. त्याने जागा घटते आणि शेवटचा टप्पा कडक होतो. जंगलासाठी घेतलेल्या सायकलीची दुरुस्ती अशी शहरामुळे निघाली.

तिथून सरळ गांधी बझारात, 1943 पासून चालत आलेल्या विद्यार्थी भवनात. हातावर डोशांच्या बशांची चळत रचून वेटर गर्दीतून येतो आणि एकही बशी हलत नाही. त्याचा रिबाउंड कोणी सेट केला, हे मी विचारलं. त्याने चटणी वाढली.

माउंटन बाइकवाल्यांना माझा सल्ला एवढाच, की फक्त सॅग आणि रिबाउंड नीट करा, पंप स्वतःचा घ्या आणि वजन खरं सांगा. तुरहळ्ळीला जाण्याआधी वनखात्याचे प्रवेशाचे नियम विचारून घ्या. आणि बेत शुक्रवारचा आखू नका, त्या दिवशी विद्यार्थी भवन बंद असतं.