तू माझा जमीनदार, मी तुझा

इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसल-गेट्सहेड भागात, ‘टाइनसाइड फ्लॅट’ नावाची जुनी दुमजली घरं आहेत. रस्त्यावर शेजारीशेजारी दोन दारं. एक तळमजल्याचं, दुसरं वरच्या मजल्याचं. तिथे फ्लॅट घेतलात की सहसा शेजाऱ्याच्या घराची मालकी तुमच्याकडे येते. तुमच्या घराची मात्र शेजाऱ्याकडे असते. म्हणजे स्वतःच्या घरात आपण भाडेपट्टेदार आणि शेजाऱ्याच्या डोक्यावर जमीनदार. त्याचंही तेच.

वेड्यांचा बाजार वाटतो ना? पण यामागचं डोकं पक्कं वकिली आहे. तिथल्या कायद्यात फ्लॅट निव्वळ मालकीचा असेल, तर ‘छप्पर दुरुस्त ठेवीन’ हे वचन पुढच्या खरेदीदाराला बांधत नाही. भाडेपट्ट्यातलं वचन बांधतं. म्हणून दोघांनी एकमेकांची शेंडी धरून बसायचं. भाडं किती? नावापुरतं, कागदावर कधी मिरीचा एक दाणा, तोही मागितला तरच.

लंडनच्या मेफेअरमध्ये उमराव घराणी जमिनीच्या भाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या श्रीमंत झाली. टाइनसाइडच्या जमीनदाराला मात्र भांडायचं तरी जपूनच भांडावं लागतं, कारण ज्याला नोटीस धाडायची, तोच आपला घरमालक! शेजारधर्म चर्चनं शतकानुशतकं शिकवला. पाळायला लावला तो मात्र वकिलांनी.