पाखरू

येलदरी ही माझी सासुरवाडी. जावयाला तिथं खाणं आणि लोळणं एवढीच कामं. मी त्यात पक्षीनिरीक्षण घातलं. दुर्बीण नवी होती, अक्कल जुनीच.

पहिले दोन दिवस धरणाच्या पाण्यावर मी जे जे दुर्मीळ म्हणून ओळखलं, ते ते पाणकावळे निघाले. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला अंगणातल्या सदाफुलीवर मात्र काहीतरी हवेत जागच्या जागी तरंगत होतं. पंखांची नुसती धूसर थरथर. लांब चोच फुलात घालायची, मागं सरायचं, की पुढचं फूल. हमिंगबर्ड!

हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत सापडतात, भारतात एकही जात नाही, हे मला ठाऊक होतं. आनंद त्याचाच होता. जायकवाडीला रोहित येतात, मग पूर्णेकाठी हमिंगबर्ड का नको? मध्ये महासागर आहे, हा तपशील मी सध्या बाजूला ठेवला. जगातला सर्वांत छोटा पक्षी क्यूबातला हमिंगबर्ड, वजन जेमतेम 2 ग्रॅम. हा तर त्याहूनही बारका! म्हणजे वर विक्रमसुद्धा. खात्रीसाठी सासूबाईंना विचारलं.

"पाखरू हाय ते. रोजच येतंय की."

रोज! म्हणजे इथं बिऱ्हाडच आहे. मी तीन पक्षिमित्रांना फोन केले. शास्त्रीय नावात माझं नाव नको, सासुरवाडीचं चालेल, असं मोठ्या मनानं सांगूनही टाकलं.

एवढ्यात मेव्हण्याची सात वर्षांची पोर फुलांपाशी जाऊन बसली. दुर्बिणीशिवाय.

"मामा, याला मिशा हायत."

होत्या. चांगल्या दोन. आणि चोच म्हणावी ती सोंड त्यानं घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून घेतली. चोच गुंडाळणारा पक्षी अमेरिकेतही नाही. तो हॉक मॉथ होता, उजेडी हिंडणारा पतंग. मधासाठी तोही हमिंगबर्डसारखाच हवेत उभा राहतो आणि भल्याभल्यांना चकवतो, हे मी त्या रात्री वाचलं. फोन करण्याआधी वाचायला तशी कुणाची हरकत नव्हती.

"मी तर आधीच म्हणलं, पाखरू हाय," सासूबाई म्हणाल्या. दिव्यावर झडप घालतं तेही पाखरूच.

सकाळी बायको ओरडली, "अहो, जास्वंदीवर बघा काय चमकतंय!"

मान वर न करता मी चहा ढवळत म्हणालो, "भुंगा असेल."

जांभळा शिंजीर होता. पोरीनं तो पोटभर पाहिला, माझ्याच दुर्बिणीतून.