रोझरीचं शेपूट

जपमाळ ज्याने शोधून काढली, तो भक्त नक्कीच माझ्यासारखा चंचल असणार. ज्याचं चित्त एका जागी ठरतं, त्याला मणी हवेत कशाला? आमच्या रोझरीत ५९ मणी, म्हणजे ५३ वेळा ‘नमो मरिया’ आणि ६ वेळा ‘आमच्या बापा’. त्यांतल्या किती मण्यांना मी हजर असतो, ते मरियेलाच ठाऊक. वसईच्या आमच्या घरी संध्याकाळी आल्तारापुढे मेणबत्ती लागते, सगळे गुडघे टेकतात, आनंदाची रहस्यं सुरू होतात. देवदूत नाझरेथला निरोप घेऊन येतो, तोवर माझं ठीक चालतं. मग मरिया एलिझाबेथला भेटायला डोंगराळ भागात निघते आणि तिच्याबरोबर मीही निघतो. ती पोहोचते, मी मात्र आतेभावाच्या कर्जाच्या हप्त्यापाशी अडकून बसतो. बोटं तेवढी इमानी. नट कुठेही भरकटला तरी प्रॉम्प्टर ओळ सोडत नाही, तशी ती आपल्या मण्यावर माझी वाट बघत असतात.

आजीला भटकावं लागतच नसे, कारण तिचा सगळा संसार प्रार्थनेतच मावायचा. ‘नमो मरिया’ आणि ‘ते मांजर बघा रे, बोंबलांपाशी गेलं’ हे ती एकाच सुरात, एकाच श्वासात म्हणे, आणि आम्ही सवयीने ‘आमेन’ म्हणून मोकळे होत असू. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच रहस्यं नव्याने सुचवली आणि त्यांना गुरुवार दिला. आजीने पोपसाहेबांबद्दलचा आदर तसूभरही कमी केला नाही, फक्त तिचा गुरुवार पूर्वीसारखा आनंदाचाच राहिला. मला धीर दिला तो लिझ्यूच्या संत तेरेझाने. एकटीने रोझरी म्हणणं आपल्याला फार जड जातं, प्रार्थनेत डुलकीही लागते, असं तिने स्वतःच लिहून ठेवलं आहे. आईबापांना झोपलेलं लेकरूही जाग्याइतकंच लाडकं असतं, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

रोझरी संपली की तिचं शेपूट सुरू होतं. आजाऱ्यांसाठी एक, आखातात गेलेल्या काकांसाठी एक, ज्यांची आठवण काढायला कुणी उरलं नाही त्या आत्म्यांसाठी एक. या यादीत नाव शिरतं, निघत मात्र नाही. दहावी पास व्हावा म्हणून घातलेला आतेभाऊ आता आपल्या लेकीचा अभ्यास घेतो. काका केव्हाच परत आले, वाडीत केळींना पाणी लावतात, तरी त्यांच्या सुखरूप प्रवासासाठी आम्ही रोज गुडघे दुखवून घेतो. स्वतः काकाही घेतात. नाव काढायचं कुणी? आणि काढल्यावर काही झालं तर?

मन एकाग्र करायचा नाद मी अलीकडे सोडला आहे. नीट पाहिलं तर ते फार लांब जातच नाही. याच यादीतल्या कुणाच्या तरी ओटीवर जाऊन बसलेलं सापडतं. मरियासुद्धा घर सोडून निघाली होती ती नात्यातल्या म्हातारीची विचारपूस करायलाच. मीही तेच करतो. शेपटापर्यंत थांबत नाही, एवढंच.