वेशीला बार, रस्त्याला गेट

भाच्याला रजा नव्हती. त्याने आम्हाला लीड्सला गाडीत बसवून दिलं आणि हातात चिठ्ठी कोंबली : 'यॉर्कला उतरलात की आधी मिकलगेट बार.' चिठ्ठी हिने वाचली.

"सकाळी दहाला बार? आणि मामाला पाठवतोय!"

बार निघाला वेस. चांगली चार मजली, दगडी, बुरुजांची. यॉर्कात वेशीला बार म्हणतात आणि बारला पब. 1460 साली वेकफील्डच्या लढाईत पडलेल्या ड्यूक ऑफ यॉर्कचं मुंडकं शत्रूने कागदी मुकुट घालून याच वेशीवर लावलं होतं. यॉर्कचा ड्यूक, यॉर्कचीच वेस. ही म्हणाली, "बारची संगत, दुसरं काय होणार!"

वेस सापडली, आता गेट शोधू म्हटलं. तर गावात गेटंच गेटं : स्टोनगेट, कॅसलगेट, कॉपरगेट. आणि एकालाही दार नाही! 866 साली वायकिंगांनी हे गाव घेतलं. त्यांच्या भाषेत रस्त्याला 'गाता'. वायकिंग गेले, गाता राहिला, त्याचं गेट झालं. 'कॉपरगेट म्हणजे आपली तांबट आळी' असं मी हिला छातीठोक सांगितलं. पुण्याच्या माणसाने एवढं तरी सांगायला नको? तर पाटीवर निघालं की तिथे लाकडी वाट्या-पेले कातणारे राहायचे. तांब्याचा संबंध नाही. उरलेला दिवस मी 'तांबट' म्हणूनच ओळखला गेलो.

पण मन रमलं ते व्हिप-मा-व्हॉप-मा-गेट या रस्त्यावर. नाव उच्चारून होईपर्यंत रस्ता संपतो. यॉर्कमधला सगळ्यात आखूड रस्ता आहे तो. 1505 साली त्याचं नाव याहून वेडंवाकडं होतं आणि त्याचा अर्थ म्हणे 'हा कसला रस्ता!' तिथल्या पाटीवर तसं लिहिलंय. खुन्या मुरलीधर आणि पासोड्या विठोबाच्या गावचा मी. परदेशात पहिल्यांदाच घरी आल्यासारखं वाटलं.

मिन्स्टर, म्हणजे इथलं मोठं चर्च, भव्य आहे, ते सगळे सांगतातच. मला आवडली ती पूर्वेकडच्या अवाढव्य खिडकीची गोष्ट. जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिराने टेनिसच्या मैदानाएवढं रंगीत काचकाम तीन वर्षांत, 1408 साली पुरं केलं. करार 56 पौंडांचा, त्यातले 10 वेळेत काम संपवल्याचं बक्षीस म्हणून. आमच्या इमारतीची गच्ची गळते त्याला पाच वर्षं झाली. हा करार हिने मुद्दाम वहीत उतरवून घेतला.

दुपारी एका खाणावळीत शिरलो. "काय देऊ, लव्ह?" वाढप्याने विचारलं. पन्नाशीचा, मिशाळ, आणि विचारलं मला! हिने माझ्याकडे जे पाहिलं, ते लिहिण्यासारखं नाही. इथे बसचा ड्रायव्हरही 'लव्ह' म्हणतो, आपल्याकडे 'काका' म्हणतात तसं, हे भाच्याने संध्याकाळी सांगितलं. तोवर सात तास गेले होते.

हिने गोड काहीतरी म्हणून यॉर्कशायर पुडिंग मागवलं. आलं ते एक टम्म फुगून मध्येच खचलेलं धिरडं, वर कांद्याचा गरम रस्सा. "पुडिंगमध्ये मीठ पडलंय," ही मला कुजबुजली. मीठ पडलं नव्हतं, घातलं होतं. मैदा, अंडी, दूध फेटायचं आणि कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत ढकलायचं. आमचं तेलातलं होतं, एवढी चौकशी मी आधी केली. पूर्वी हे मटणाच्या आधी वाढत, म्हणजे पोट भरतं आणि मटण कमी लागतं. पंगतीत जिलबीच्या आधी मठ्ठ्याचा आग्रह का होतो, ते ज्याला कळतं त्याला यॉर्कशायर कळलं.

शेजारच्या टेबलावर सपाट टोपीतले एक आजोबा चहा पीत होते. इंडिया म्हणताच ते एकच शब्द बोलले : "सचिन." यॉर्कशायरच्या संघात खेळायचं तर जन्म यॉर्कशायरचाच हवा, असा अलिखित दंडक होता. बायकोला कळा लागल्या की नवरे तिला म्हणे गाडीत घालून हद्दीच्या आत आणत. आपल्याकडे बाळंतपण माहेरी, यांचं क्रिकेटच्या सोयीने! 1992 साली हा दंडक मोडला आणि संघातून खेळलेला पहिला परदेशी खेळाडू ठरला आपला एकोणीस वर्षांचा सचिन.

माझी छाती फुगली, त्या पुडिंगसारखी. "कसा खेळला हो?"

आजोबांनी कप खाली ठेवला. "वाईट नव्हता," ते म्हणाले.

भाचा सांगतो, यॉर्कशायरमध्ये याच्या वरची स्तुती नाही. मी सुखावलो आणि उठलो. दारापर्यंत पोचतो तोच मागून हाक आली.

"पण शतक एकच!"

घरी येऊन तपासलं. हंगामात प्रथम श्रेणीच्या सामन्यांत 1070 धावा. शतक एकच.