पन्नास पूर्णांक पंधरा सहस्रांश

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे भाकीत वर्तवणे ही आता एक स्वतंत्र ज्ञानशाखा मानावी लागते आणि तिचा पहिला नियम असा की, लढत जितकी चुरशीची, तितकी भाकिताची शक्यता कमी आणि मागणी जास्त. एकतर्फी लढतीचा निकाल कोणालाही सांगता येतो, म्हणून तेथे जाणकाराला कोणी विचारत नाही. अटीतटीच्या लढतीचा निकाल कोणालाच सांगता येत नाही, म्हणून तेव्हाच त्याच्या दारी रांग लागते. ‘ठाऊक नाही’ या प्रामाणिक उत्तराला दक्षिणा मिळत नसल्याने तेच उत्तर आलेखासह, दशांश चिन्हासह आणि दररोज नव्याने कसे द्यावे, या प्रश्नाभोवती या शास्त्राची सारी उभारणी झाली आहे.

अभ्यासविषयाचे स्वरूपच असे आहे की त्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकावेत. अमेरिकेत अध्यक्ष थेट जनमताने ठरत नाही, तर राज्यांच्या वाट्याला आलेल्या ५३८ निर्वाचकांच्या मतांवर ठरतो. त्यांपैकी २७० मिळवणारा जिंकतो आणि जवळपास सर्वच राज्यांत पहिला येणाऱ्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक-मते मिळतात. त्यामुळे देशभर सुमारे २९ लाख मते जास्त मिळवूनही हिलरी क्लिंटन २०१६ मध्ये हरल्या, कारण विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत त्या मिळून सुमारे ७८ हजार मतांनी मागे पडल्या. तर २०२० मध्ये जो बायडेन यांचा विजय ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमधील एकत्रित सुमारे ४३ हजारांच्या आघाडीवर तरला. हजार जणांच्या जनमत चाचणीत ‘नमुना-त्रुटी’, म्हणजे सगळ्यांना न विचारता काहींनाच विचारल्यामुळे अटळपणे येणारी चूक, सुमारे तीन टक्के असते आणि दोन उमेदवारांमधील अंतर मोजताना ती जवळपास दुप्पट होते. विस्कॉन्सिनमधले २०२४ चे अंतर एक टक्क्याहूनही कमी होते, हे लक्षात घेता अशा चाचणीवरून विजेता ठरवणे म्हणजे भंगारवाल्याच्या काट्यावर गुंजभर सोने तोलणे होय. मात्र काटा चकचकीत असल्यामुळे गिऱ्हाइकाचे समाधान होते.

या शास्त्राच्या आद्य पर्वात विजेत्याचे नाव स्पष्ट सांगण्याची घातक प्रथा होती. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९३६ मध्ये सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, त्यांपैकी वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यावरून आल्फ्रेड लँडन यांचा विजय जाहीर झाला. परंतु मंदीच्या काळात ज्यांच्याकडे दूरध्वनी आणि मोटार होती अशांच्या याद्यांवर मुख्य भर असल्याने गरीब मतदार हिशेबातून निसटले आणि फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले. पुढे १९४८ मध्ये नामांकित चाचणीकारांनी निकाल ठरल्यातच जमा आहे असे मानून मतदानाआधीच काम आवरते घेतले आणि ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने ड्युई यांनी ट्रुमन यांना हरवल्याचा मथळा छापला, तो अंक विजयी ट्रुमन यांनी हसतमुखाने उंचावून दाखवला. या दोन्ही प्रसंगांतून नमुना निवडण्याची पद्धत सुधारावी हा धडा काहींनी घेतला. नाव घेणेच टाळावे, हा अधिक मोलाचा धडा उरलेल्यांनी घेतला.

त्यातून ‘संभाव्यता-प्रारूप’ जन्माला आले. यात संगणकावर निवडणूक हजारो वेळा घडवून प्रत्येक उमेदवार किती वेळा जिंकला ते मोजतात. सुरुवातीला येथेही अतिउत्साह होता. २०१६ मध्ये क्लिंटन यांची शक्यता कोणी ७१, कोणी ८५, तर कोणी ९९ टक्के सांगितली आणि ९९ टक्केवाले प्रिन्स्टनचे सॅम वाँग यांना आधीच बोलून ठेवल्याप्रमाणे दूरचित्रवाणीवर कीटक खाऊन प्रायश्चित्त घ्यावे लागले. शास्त्राची परिपक्वता २०२४ मध्ये दिसली. सांख्यिकीतज्ज्ञ नेट सिल्व्हर यांच्या प्रारूपाने शेवटच्या फेरीत ८० हजार वेळा निवडणूक घेतली आणि कमला हॅरिस त्यांपैकी ४०,०१२ वेळा जिंकल्या, म्हणजे त्यांची शक्यता पन्नास पूर्णांक पंधरा सहस्रांश टक्के निघाली. नाणे उडवूनही साधारण हेच कळले असते, परंतु नाण्याला सहस्रांश स्थानापर्यंत बोलता येत नाही.

या प्रगतीचे मोल पुण्यातील एका प्रयोगाशी तुलना केल्यावरच कळते. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतलेल्या फलज्योतिषाच्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पत्रिका पाहून मूल हुशार आहे की बौद्धिकदृष्ट्या अक्षम, एवढेच सांगायचे होते आणि २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के, म्हणजे नाणेफेकीहूनही थोडे कमी भरले. बिचाऱ्यांची चूक अशी की, त्यांनी प्रत्येक पत्रिकेपुढे एक ठाम उत्तर लिहिले. ‘हुशार असण्याची शक्यता ५०.०१५ टक्के’ असे लिहिण्याची युक्ती सुचली असती, तर त्यांना खोटे पाडणे नारळीकरांनाही जमले नसते.

ठामपणाची किंमत अमेरिकेतही मोजावी लागते. इतिहासकार ॲलन लिक्टमन यांनी भूकंपाचे भाकीत करू पाहणारे रशियन शास्त्रज्ञ केइलिस-बोरोक यांच्या सहकार्याने १३ ‘किल्ल्यां’ची, म्हणजे होय-नाही अशा कसोट्यांची पद्धत घडवली, तिने २०२४ मध्ये हॅरिस यांचे नाव घेतले आणि कुलूप उघडले नाही. इंडियानातील व्हिगो काउंटीने १९५६ पासून २०१६ पर्यंत प्रत्येक वेळी विजेत्यालाच कौल दिला होता, पण २०२० मध्ये तीही चुकली. थायलंडच्या प्राणिसंग्रहालयातील मू डेंग या पाणघोड्याच्या पिल्लाने मात्र ट्रम्प यांच्या नावाचे फळ खाऊन अचूक भाकीत केले आणि त्याने आपले प्रारूप प्रसिद्ध केलेले नसल्यामुळे त्यावर आक्षेपही घेता येत नाही.

सर्वांत उद्बोधक कथा आयोवाच्या चाचणीकार ॲन सेल्झर यांची आहे. २०२४ मध्ये चुरशीच्या राज्यांत बहुतेक संस्थांचे आकडे संशय यावा इतके एकसारखे, बरोबरीच्या आसपास येत होते. शेजाऱ्याचा आकडा पाहून आपला आकडा त्याच्या जवळ नेण्याच्या या प्रवृत्तीला ‘कळपवृत्ती’ म्हणतात. सेल्झर यांनी मात्र हाती आले तेच छापले: आयोवात हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे. प्रत्यक्षात तेथे ट्रम्प सुमारे तेरा टक्क्यांनी जिंकले. सेल्झर यांची जगभर नाचक्की झाली आणि डिसेंबरात विजेत्याने त्यांच्यावर खटलाही भरला. ट्रम्प यांना कमी लेखण्याची चूक कळपातल्यांनीही केलीच होती, पण ती सगळ्यांनी मिळून आणि बरोबरीच्या आडोशाने केल्यामुळे तिच्यासाठी कोणाला जाब द्यावा लागला नाही. ट्रम्प यांनी सातही चुरशीची राज्ये जिंकली, तेव्हा सिल्व्हर यांच्या प्रारूपात सर्वाधिक वेळा उमटलेले चित्र नेमके तेच होते, असेही दाखवता आले.

यावरून नवोदित अभ्यासकाने घ्यायचा बोध स्पष्ट आहे. पुढील निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ रोजी व्हायची असून ती कोणीही जिंकले, तरी तो निकाल प्रारूपाच्या कक्षेत बसलेला असेल, एवढे आजच शंभर टक्के खात्रीने सांगता येते.