पाव आटा

हवाकाकांच्या घरी गणपतीची आरती संपली, की प्रसादाच्या रांगेतून एकेक पाहुणा गायब होऊ लागतो. काका त्याला खांद्याला धरून बेसमेंटमध्ये नेतात. "दोनच मिनिटं," म्हणतात, आणि खरोखर दोनच मिनिटं लागतात. भीमसेनांच्या शुद्ध कल्याणची एलपी लागते. तानपुरे जुळतात, षड्ज लागतो, पाहुणा जरा मांडी मोकळी करून बसतो, तोच काका सुई उचलतात. कुठलासा स्क्रू पाव आटा फिरवतात. सुई पुन्हा पहिल्या खाचेत. तेच तानपुरे, तोच षड्ज. मग काका मान वळवून विचारतात, "फरक कळला ना?"

कळला म्हटलं तर "नेमका काय?" असा पुढचा प्रश्न येतो. नाही म्हटलं तर आणखी पाव आटा. जाणते पाहुणे "खालचे स्वर जरा मोकळे झाले" असं सांगून वर मोदकांकडे पळतात.

काका राहतात न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, आणि हा योगायोग आहे हे त्यांना मान्य नाही. याच गावातल्या मेन्लो पार्कात १८७७ साली थॉमस एडिसनने फोनोग्राफ बनवला. गावाला त्याचं नाव मिळालं ते मात्र १९५४ साली. एडिसनच्या यंत्रात नळकांडं असायचं आणि मळसूत्राच्या आट्यांमुळे सुई त्यावरून सरळ रेषेत पुढे जायची. "माणूस निम्मा बहिरा होता, पण भूमितीत चुकला नाही," इति काका. पुढे एमिल बर्लिनरने चपटी तबकडी आणली, ती स्वस्तात छापता येऊ लागली आणि नळकांडं मागे पडलं. या बर्लिनरबद्दल काका भाऊबंदकीतल्या चुलत्याबद्दल बोलावं तसं बोलतात.

त्यांचं दुखणं असं आहे. तबकडी कापणाऱ्या यंत्राची छिन्नी कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकते. आपल्या घरातला, सुई धरणारा टोनआर्म मात्र एका खुंटीभोवती फिरतो, म्हणजे सुई कमानीत जाते. खाच कापली एका कोनात आणि वाचली दुसऱ्या. ही चूक चांगल्या आर्ममध्ये फार तर दोन अंशांच्या आसपास असते, आणि दोन ठिकाणी ती शून्यही होते. बाकी जगाला एवढं पुरतं. काकांना मधल्या जागेत झोप लागत नाही.

म्हणून त्यांनी हवेवर तरंगणारा आर्म घेतला. फ्लोरिडातल्या टॅलाहासीच्या ब्रूस थिग्पेन यांनी ऐंशीच्या दशकात काढलेला ईटी-२. त्यात एक पोकळ दांडी एका नळीत सरकते, आणि दोघींमध्ये पंपाने सोडलेल्या हवेचा केसाहूनही पातळ थर असतो. एअर हॉकीच्या चकतीसारखी दांडी तरंगते, घर्षण जवळजवळ नाहीच, आणि खाचच सुईला ओढत मध्याकडे नेते. एका बाजूचा हा सगळा प्रवास साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. तेवढ्यासाठी काकांच्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर आहे.

गॅरेजमध्ये तो फोडणीमुळे गेला. स्वयंपाकघराजवळ असताना हवेबरोबर तेलाचा अंशही ओढला जाई, दांडीवर चिकट थर बसे आणि आर्म मधेच रुसे. काका दांडी अल्कोहोलने पुसून बसवत आणि काकूंना विचारत, "आज मोहरी घातलीत का?" काकूंनी मोहरी सोडली नाही, तेव्हा पंपाला घराबाहेर काढलं. गणपतीपुढे विजेची उदबत्ती लागते, ती याच कारणाने. बाप्पाने अजून तरी तक्रार केलेली नाही.

मग लेव्हल. दांडीला कोणी धरून ठेवलेलं नसल्यामुळे टेबल कणभर जरी कललं तरी आर्म आपणहून उताराला लागतो. वर नातवाने उडी मारली की काका स्पिरिट लेव्हल घेऊन गुडघ्यावर बसतात. मग तारा. सुईपासून निघणाऱ्या चार बारीक तारांचा ताठरपणासुद्धा अशा आर्मला बाजूला खेचतो, म्हणून त्या बदलून आणखी मऊ घातल्या. मग वजन. तबकडीचं भोक जरा सरकलेलं असेल तर दर १.८ सेकंदांनी अख्खा आर्म आडवा हलतो, आणि त्याचा भार सुईच्या नाजूक दांडीवर पडतो. त्यावर काकांनी मागचं वजन हलकं केलं, आणखी मागे सरकवलं, शेजारी सिलिकॉन तेलाची पन्हळ बसवली. प्रत्येक वेळी तेच तानपुरे, तोच षड्ज.

"फरक कळला ना?" हा प्रश्न शाळकरी नातवाला विचारून झाला, हृदयरोगतज्ज्ञ मेहुण्याला झाला, सत्यनारायणाच्या गुरुजींना झाला. काकूंचं उत्तर तर सुई टेकायच्या आधीच येतं: "हो, खूपच." खरं उत्तर एकदाच मिळालं, तेही बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिककडून. त्याने तानपुऱ्यांकडे लक्षच दिलं नाही. तो गॅरेजच्या दिशेने कान लावून म्हणाला, "तुमचा पंप धक्के देत हवा सोडतोय. मधे एक टाकी घाला, आणि पाणी निथळायची सोय करा." काकांनी प्लास्टिकच्या जाड पाइपची टाकी घातली. त्या दिवशी फरक पडला, आणि तो वर पोळ्या लाटणाऱ्या काकूंनाही कळला, हे त्यांनी कबूल केलं नाही एवढंच.

या सगळ्यात शुद्ध कल्याणची द्रुत बंदिश त्या बेसमेंटमध्ये कोणी ऐकली नव्हती. सुई तिथवर पोहोचतच नसे. काकू स्वयंपाकघरात फोनवर अख्खा राग ऐकून मोकळ्या होत, त्या टिचभर स्पीकरवर, कुकरच्या शिट्ट्यांसकट.

तरी माणूस लबाड नाही. गावातल्या कोणाच्या वडिलांच्या बुरशी आलेल्या एलपी आल्या, की काका त्या डिस्टिल्ड पाण्याने धुतात, नवीन पाकिटांत घालतात, संगणकावर उतरवून देतात आणि पैसे विचारले तर रागावतात. उतरवताना पूर्ण बाजू वाजते खरी, पण तेव्हा त्यांचं लक्ष मीटरवर असतं. भोसरीच्या कारखान्यात मायक्रोमीटर हातात घेऊन उमेदवारी केलेल्या माणसाचं प्रेम मोजूनच व्यक्त होतं.

गेल्या हिवाळ्यात पंपाचा पडदा फाटला. नवीन भाग मागवला, आणि तोवर माळ्यावरचा जुना, खुंटीवर फिरणारा आर्म बसवला. काका त्याला लंगडा म्हणतात. लंगड्याला सुधारून काय करायचं, म्हणून त्यांनी सुई ठेवली आणि नाइलाजाने खुर्चीत बसले. विलंबित सरला. द्रुत सुरू झाली तशा काकू हातातलं लाटणं घेऊन घाईने खाली आल्या. "अहो, काय बिघडलं?"

काका गुडघ्यावर ठेका धरून होते. त्यांनी नुसतंच दुसऱ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी किशोरीताई झाल्या, मग कुमार, मग पुन्हा भीमसेन. तिहाई आली की दोघं एकदम समेवर मान टाकत. पोळ्यांऐवजी खिचडी होऊ लागली.

शुक्रवारी काकांनी कुरियर कंपनीशी फोनवर भांडण केलं. पार्सल मंगळवारीच पोहोचल्याची नोंद होती, सहीसुद्धा होती. "काय माणसं असतात," काकू म्हणाल्या, "आज कुणाची लावताय?" पार्सल सापडलं ते रविवारी दुपारी, बासमतीच्या पोत्यामागे.